साखरझोप, तंद्री आणि सुचणारे स्वर: अर्धजागृतीत संगीत खरोखर घडते का?

खर्जसाधक (धागाकर्ता)

चाल झोपेत सुचली, डोळा उघडता उघडता कानात होती, दुपारी पडल्यापडल्या पेंग येत असताना अचानक उमटली, असे सांगणारे गायक, वादक आणि संगीतकार आपल्या सर्वांच्या परिचयात असतील. अशा कथांकडे आपण बहुधा चमत्कार म्हणून पाहतो, नाहीतर थाप म्हणून सोडून देतो. या दोन्हींच्या मधली जागा अभ्यासण्यासारखी आहे असे मला मनापासून वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

पाश्चात्त्य संगीतातली या विषयातली सर्वांत प्रसिद्ध कथा जुझेप्पे तार्तिनी या व्हायोलिनवादकाची आहे. सैतान आपला सेवक झाला आहे असे स्वप्न त्याला पडले. त्याने कुतूहलाने आपले व्हायोलिन सैतानाच्या हाती दिले, आणि सैतानाने जे वाजवले ते इतके अपूर्व होते की श्वास कोंडून त्याला जाग आली. त्याने लगेच वाद्य हातात घेतले आणि ऐकलेले धरून ठेवण्याचा प्रयत्न केला. त्यातून जी सोनाटा (वाद्यासाठीची अनेक भागांची रचना) झाली ती आपली सर्वोत्तम रचना आहे असे तो म्हणे. मात्र स्वप्नात ऐकलेल्या संगीताच्या तुलनेत ती इतकी उणी आहे की उपजीविकेचे दुसरे साधन असते तर आपण वाद्य मोडून टाकले असते, असेही त्याचे म्हणणे होते.

दुसरे उदाहरण रिचर्ड वाग्नर या जर्मन संगीतकाराचे. सप्टेंबर १८५३ मध्ये इटलीतील ला स्पेत्सिया येथे तो आजारी आणि थकलेल्या अवस्थेत दुपारी पडला असताना त्याला गाढ झोप लागली नाही, तर गुंगी आली. आपण वेगाने वाहणाऱ्या पाण्यात बुडत आहोत असा भास झाला आणि त्या पाण्याचा आवाज ई-फ्लॅट मेजर या एकाच स्वरमेळात, त्याच्या सुट्या सुट्या होत जाणाऱ्या रूपांत, कानात घुमू लागला. पाणी डोक्यावरून जात आहे या भीतीने तो दचकून उठला आणि आपल्या नियोजित चार संगीतनाट्यांच्या मालेचा आरंभ आपल्याला सापडला आहे हे त्याच्या ध्यानात आले. पहिल्या नाट्याचे ते पूर्वसंगीत १३६ मात्राखंड (बार) एकाच स्वरमेळावर उभे आहे, आणि षड्ज सतत कानात ठेवून गाणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात काहीतरी ओळखीचे वाटते.

माझे मत आधीच मांडून ठेवतो. तंद्री रचना देत नाही. एरवी ज्या स्वरसंगती आपण सुचण्याआधीच नाकारत असतो, त्या नाकारण्याची सवय तंद्रीत थोडा वेळ सुटते. पुढचे सारे काम जाग्या, तालीम घेतलेल्या माणसाचे असते. हे मत कितपत टिकते, हे जाणकारांनी पारखावे अशी विनंती आहे.

---

अनुनाद

निद्राविकारांच्या तपासण्यांशी माझा कामानिमित्त संबंध येतो, त्यामुळे शरीरात काय घडते एवढ्यापुरते लिहितो.

धागाकर्त्यांनी एकत्र सांगितलेली दोन उदाहरणे मुळात दोन वेगळ्या अवस्थांची आहेत. डोळे मिटून शांत पडलेल्या जाग्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला साधारण ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी ठळक दिसतात. झोप लागू लागली की त्या विरळ होतात, त्यांच्या जागी ४ ते ७ आवर्तनांच्या थीटा लहरी येतात आणि बुबुळे मिटल्या पापण्यांखाली संथपणे इकडून तिकडे फिरू लागतात. हा निद्रेचा पहिला टप्पा. तो काही मिनिटांचाच असतो. त्यात रंग, चेहरे, हाका, तुटक वाक्ये आणि सुरांचे तुकडे आपोआप उमटतात. त्याच वेळी खोलीतला पंखा आणि रस्त्यावरचे हॉर्नही ऐकू येत असतात. वाग्नरचा अनुभव या टप्प्याशी जुळतो.

पहाटेची गोष्ट निराळी आहे. डोळ्यांच्या जलद हालचालींची जी स्वप्ननिद्रा असते, तिचे टप्पे रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जातात. म्हणूनच साखरझोपेत पडलेली स्वप्ने लांब, गोष्टीसारखी आणि भावनेने भरलेली असतात. तार्तिनीचे स्वप्न या प्रकारचे वाटते. या अवस्थेत मेंदूतील नॉरॲड्रेनॅलिन या सजगतेशी निगडित रसायनाचे प्रमाण अत्यंत कमी असते, आणि जाग आल्यावर स्वप्न इतक्या झपाट्याने पुसले जाण्यामागे हे एक कारण मानले जाते.

पहिल्या टप्प्याविषयी पॅरिसमधील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या धाग्यासाठी महत्त्वाचा आहे. त्यांनी १०३ जणांना आकड्यांची कोडी सोडवायला दिली. कोडी सोडवण्याचा एक लांबचा मार्ग सांगितला होता आणि एक छुपा सोपा नियमही त्यांत होता, पण तो कोणाला सांगितला नव्हता. मध्ये २० मिनिटांची विश्रांती दिली आणि त्या वेळी हातात एक वस्तू धरायला सांगितले, म्हणजे गाढ झोप लागताच ती निसटून पडेल. विश्रांतीत किमान १५ सेकंद निद्रेच्या पहिल्या टप्प्यात गेलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना पुढे तो छुपा नियम सापडला. जागे राहिलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होते आणि दुसऱ्या, अधिक गाढ टप्प्यात उतरलेल्यांत अवघे १४ टक्के.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायला हव्यात. हा प्रयोग आकड्यांचा होता, संगीताचा नव्हता. शिवाय नियम सापडला तो डोळे उघडताक्षणी नव्हे. पुन्हा कामाला बसून पुष्कळ कोडी सोडवल्यावर सापडला. माझ्या दृष्टीने ही दुसरी बाब अधिक बोलकी आहे. डुलकीत उत्तर मिळाले नाही, उत्तर दिसण्याची शक्यता वाढली, आणि ते दिसले कामात असताना.

---

दुसरी पट्टी

वरील माहिती मोलाची आहे. मला मात्र मूळ कथांच्या विश्वासार्हतेकडे लक्ष वेधायचे आहे, कारण सारा डोलारा त्यांच्यावरच उभा केला जातो.

तार्तिनीचे स्वप्न १७१३ सालचे असल्याचे सांगतात. पण ते छापून लोकांसमोर आले लालांद या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या इटलीच्या प्रवासवर्णनातून, १७६९ मध्ये, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर आणि तार्तिनीच्या मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी. रचनेची शैली पाहता ती १७४० च्या दशकातली असावी असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे जाग येताच वाद्य उचलले आणि सोनाटा झाली, असा सरळ क्रम धरता येत नाही. तरुणपणी पडलेल्या एका स्वप्नाची आठवण मनात राहिली आणि प्रौढ वयात, हात पूर्ण तयार झाल्यावर, तिला रूप मिळाले, ही शक्यता मला अधिक पटते.

वाग्नरची हकिगत त्याच्या आत्मचरित्रात आहे. ते त्याने १८६५ नंतर सांगून लिहवून घेतले. एक तप उलटल्यावर सांगितलेल्या अशा हकिगतीला माणूस नकळत घाट देत असतो, आणि या बाबतीत काही अभ्यासकांनी स्पष्ट शंका घेतल्या आहेत. याहून महत्त्वाचे म्हणजे त्या चारही नाट्यांची संहिता तेव्हा लिहून, खाजगीरीत्या छापूनही झाली होती. पहिला प्रवेश नदीच्या तळाशी घडतो हे त्याला आधीच ठाऊक होते आणि त्याला साजेशा संगीताच्या शोधात तो होता. तेव्हा गुंगीत पाणी दिसावे आणि पाण्याला स्वर मिळावा, यात नवल नाही.

रोबेर्त शुमान या जर्मन संगीतकाराची गोष्ट तर मन विषण्ण करणारी आहे. फेब्रुवारी १८५४ मध्ये एका रात्री उठून त्याने एक स्वरवाक्य लिहून काढले आणि ते देवदूतांनी आपल्याला सांगितले असे त्याचे म्हणणे होते. प्रत्यक्षात काही महिन्यांपूर्वीच लिहिलेल्या स्वतःच्या व्हायोलिन कॉन्चेर्तोच्या (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्या रचनेच्या) संथ भागाशी त्या वाक्याचे निकटचे साम्य आहे. ज्याने ते रचले त्यालाच ते आपले असल्याचे ओळखू आले नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याने ऱ्हाईन नदीत उडी घेतली. जे कानात येते ते नवे आहे हा भास आणि ते खरोखर नवे असणे, या दोहोंत किती अंतर असू शकते हे येथे दिसते. शिवाय हा आजार होता, आणि आजाराला प्रतिभेची किंमत म्हणून गौरवण्याची जी रीत पडली आहे ती मला क्रूर वाटते.

---

ओवीप्रेमी

चर्चा युरोपातच राहिली आहे, म्हणून आपल्या मातीतील दोन गोष्टींची भर घालते.

पहिली जात्यावरच्या ओव्यांची. 'जात्यावर बसले की ओवी सुचते' हे आपण सहज बोलून जातो, पण ते किती अचूक निरीक्षण आहे याचा विचार करीत नाही. दळण बहुधा कोंबडा आरवण्याच्या आधी सुरू होई. घरातील माणसे निजलेली, उजेड चिमणीपुरता, अंगात अपुऱ्या झोपेची ग्लानी, आणि जात्याच्या खुंट्याला धरून फिरणारा हात. त्या फेऱ्यांची आणि घरघरीची लय एकदा धरली की शरीराकडे लक्ष द्यावे लागत नाही. ओवीचा आरंभीचा चरण पुष्कळदा ठरीव असतो, ऐकत आलेला असतो. तो म्हणत असताना पुढचा चरण मनात तयार होतो आणि त्यात भाऊ, माहेर, सासुरवास, पंढरीची वाट, जे आत दडलेले असेल ते येते. चाल मूळची तीच असली तरी हेल, थांबा आणि लांबवलेला शेवटचा स्वर गाणारीगणिक बदलतो. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत, आणि हा एवढा मोठा संचय प्रतिभावंत म्हणून कधीही नाव न झालेल्या बायकांचा आहे.

मी याला झोप म्हणणार नाही, कारण जाते ओढणारी बाई झोपलेली नसते. पण नेहमीच्या दिवसाचे, लोक काय म्हणतील याचे जे भान असते ते त्या वेळी नसते. जे बोल दिवसा ओठांवर येणार नाहीत ते तेथे गायिले गेले आहेत. धागाकर्त्यांनी नाकारण्याची सवय सुटण्याविषयी जे म्हटले आहे, त्याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट स्वप्नदृष्टांताची. 'नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें' असे तुकाराम महाराज सांगतात. त्या अभंगात पांडुरंगाला सोबत घेऊन नामदेव स्वप्नात येतात आणि कवित्व करण्याचे काम सोपवतात. शतकोटी अभंगांच्या संकल्पातले जे उरले आहे ते पुरे करायला सांगतात. या स्वप्नात एकही अभंग मिळालेला नाही, एकही चाल मिळालेली नाही. मिळाली ती आज्ञा, आणि व्यर्थ बोलू नये ही तिच्यासोबतची अट. रचना पुढे आयुष्यभर, जागेपणी झाली. स्वप्नातून माणसाला काय मिळते याचा विचार करताना आपण चालीच्या पलीकडे पाहायला हवे, असे मला या अभंगामुळे वाटते. आपल्या हातून हे काम होऊ शकते हा विश्वास मिळणे, ही देणगी एखाद्या सुरावटीहून लहान नाही.

---

कोमल निषाद

मी या क्षेत्रात नवखी आहे आणि माझा प्रश्न साधा आहे. स्वप्नात मला कित्येकदा अतिशय सुंदर गाणे ऐकू येते. जाग आल्यावर ते गुणगुणून पाहते तेव्हा ते अगदी सामान्य निघते, किंवा त्यात तीनचार स्वरांपलीकडे काही उरत नाही. स्वप्नात ते इतके थोर का वाटत असावे?

---

बीजस्वर

कोमल निषाद, आपला प्रश्न या धाग्याचा गाभा आहे असे मी म्हणेन. मी नाटकांना संगीत देतो आणि हा अनुभव मलाही वारंवार येतो.

माझ्या समजुतीप्रमाणे स्वप्नात दोन गोष्टी एकमेकींपासून सुटतात: ऐकू येणारे स्वर आणि 'हे अपूर्व आहे' ही भावना. जागेपणी ती भावना स्वरांमुळे येते. स्वप्नात ती स्वरांच्या आधारावाचूनही येऊ शकते. शिवाय स्वर पारखणारी बुद्धी त्या वेळी कामावर नसते. तार्तिनीची हळहळ मी याच दृष्टीने वाचतो. सैतानाची सोनाटा त्याच्या सोनाटेहून थोर होती हे आपण त्याच्या शब्दावर मानतो, पण कदाचित थोर होती ती केवळ भावना, आणि तिला पुरून उरेल असा स्वरसमूह कधी अस्तित्वातच नव्हता.

मात्र सगळेच स्वप्नसंगीत रिकामे असते असेही नाही. इटलीतील संशोधकांनी २००६ मध्ये ३५ व्यावसायिक संगीतकार आणि ३० इतर व्यक्तींच्या स्वप्नांच्या नोंदी तपासल्या. संगीतकारांच्या स्वप्नांत संगीत दुपटीहून अधिक वेळा आढळले. त्याचा संबंध रोज किती तास वाजवतात याच्याशी नव्हता, तर संगीत शिकायला किती लहानपणी आरंभ केला याच्याशी होता. तसेच आठवलेल्या संगीतापैकी जवळजवळ निम्मे प्रचलित रचनांशी न जुळणारे होते. मला यातून असे वाटते की भाषेसारखे अंगात मुरलेले संगीतच झोपेत स्वतःहून बोलू लागते. ज्याच्या कानात बालपणापासून राग आहेत त्याला झोपेत रागाचे चलन ऐकू येईल, आणि ज्याच्या कानात नाहीत त्याला ते देण्यास कोणतेही स्वप्न समर्थ नाही.

आणखी एक गोष्ट, जी संगीतकाराला सतत छळते. जे सुचले ते नवे आहे की कोठेतरी ऐकलेले? बीटल्स या वाद्यवृंदाचा पॉल मॅकार्टनी लंडनमधील विंपोल स्ट्रीटवरच्या घरात एका सकाळी जागा झाला तेव्हा एक संपूर्ण चाल त्याच्या डोक्यात होती. पलंगाशेजारच्या पियानोवर त्याने ती वाजवून पाहिली, आणि ती इतकी सहज आली म्हणून नक्कीच दुसऱ्या कोणाची असावी अशा संशयाने तो पुढे बराच काळ भेटेल त्याला ऐकवून विचारत राहिला. कोणीही ओळखली नाही, तेव्हा ती आपली म्हणून त्याने स्वीकारली. तोवर चाल धरून ठेवण्यासाठी अंड्यांच्या न्याहारीवरचे तात्पुरते शब्द तिच्यावर बसवलेले होते. 'येस्टरडे' या नावाने तिचे ध्वनिमुद्रण १४ जून १९६५ रोजी झाले. या कथेतला मला सर्वांत आदरणीय वाटणारा भाग स्वप्नाचा नाही, विचारत फिरण्याचा आहे. आमच्या व्यवसायात ही शहानिशा फार थोडे लोक करतात.

कधीकधी स्वरांखेरीज दुसरेच काही हाती येते. स्त्राविन्स्की या रशियन संगीतकाराने आपल्या वाद्याष्टकाविषयी (आठ वाद्यांच्या रचनेविषयी) सांगितले आहे की स्वप्नात त्याला काही वादक एका लहान खोलीत सुरेख संगीत वाजवताना दिसले. संगीत त्याला आठवले नाही, पण वादक किती आहेत हे त्याने कुतूहलाने मोजले होते. ते आठ होते आणि त्यांच्या हातात बॅसून, ट्रॉम्बोन, ट्रम्पेट, बासरी आणि क्लॅरिनेट होते. जागा होताच तो कामाला लागला, आणि १९२३ मध्ये पॅरिसमध्ये ती रचना प्रथम वाजली. चाल पुसली गेली तरी मेळ उरला, आणि त्याच्यासारख्या कारागिराला तेवढे पुरले.

याच्या उलट बेर्लियोझ हा फ्रेंच संगीतकार. त्याने स्वप्नात एक सिंफनी ऐकली आणि जाग आल्यावर ए-मायनरमधला तिचा पहिला भाग जवळजवळ पूर्ण आठवत होता. लिहायला बसणार इतक्यात त्याच्या मनात आले की ही लिहिली तर पुढचे तीनचार महिने दुसरे काम होणार नाही, वृत्तपत्रांतले लेखन थांबेल, नकला करून घेण्याचा आणि मैफिलीचा खर्च अंगावर येईल, आणि पत्नी आजारी आहे. त्याने लिहिले नाही. दुसऱ्या रात्री तीच सिंफनी पुन्हा ऐकू आली आणि दुसऱ्याही सकाळी त्याने स्वतःला आवरले. त्यानंतर ती कायमची गेली. आठवणींत त्याने हे लिहिले आहे, आणि मी ते पान वाचतो तेव्हा दरवेळी अस्वस्थ होतो. सुचण्याचे शास्त्र कितीही सांगितले तरी सुचलेले लिहून काढायला मोकळी सकाळ लागते, आणि ती प्रत्येकाला मिळत नाही.

---

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो आहे. रात्रभर चालणाऱ्या गाण्याचा उल्लेख झाला नाही म्हणून थोडे.

आमच्याकडे वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालते, आणि पेडण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत दशावतार रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगतो. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात, आणि पायपेटी व मृदंगवाले त्यांच्या पाठोपाठ जातात. पहाटेच्या सुमाराला प्रेक्षकांतली निम्मी माणसे पेंगत असतात आणि रंगमंचावरच्यांचे डोळेही जड झालेले असतात. तरीही माझ्या ऐकण्यातल्या काही अत्यंत मुक्त जागा मी त्याच वेळी ऐकल्या आहेत. काही अत्यंत बेताल जागाही त्याच वेळी ऐकल्या आहेत, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातील पूर्वीच्या, उजाडेपर्यंत चालणाऱ्या सत्रांविषयी जुने रसिक असेच सांगतात.

माझा प्रश्न अनुनाद यांना आहे. जागरणाची थकलेली ग्लानी आणि झोप लागतानाची तंद्री एकच मानावी का?

---

अनुनाद

एकच मानू नये. झोप लागतानाची तंद्री निवांत असते: शरीर सैल, डोळे मिटलेले, कोणावर काही करण्याची सक्ती नाही. जागरणात शरीर झोप मागत असते आणि माणूस तिला रोखून धरत असतो. पहाटे शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते, प्रतिक्रिया मंदावतात आणि क्षणभराच्या डुलक्या नकळत लागू लागतात. त्यात बंधने सैल होतात हे खरे, पण त्यासोबत लक्ष टिकवण्याची शक्तीही जाते. आपण ऐकलेल्या मुक्त जागा आणि बेताल जागा एकाच कारणाच्या दोन बाजू असाव्यात. अनुभवी नटाला आणि मृदंगवाल्याला हात आपोआप सांभाळून घेतात. नवख्याला सांभाळणारे काही नसते.

मंचावरील उत्स्फूर्त निर्मितीविषयी एक जुळणारा अभ्यास आहे. २००८ मध्ये अमेरिकेत सहा जॅझ पियानोवादकांचे मेंदूचित्रण, ते प्रत्यक्ष वाजवत असताना, केले गेले. पाठ केलेले वाजवण्याऐवजी ते आयत्या वेळी रचू लागले तेव्हा स्वतःवर नजर ठेवणाऱ्या, चूक टाळणाऱ्या पार्श्व अग्रमेंदूतील भागांची क्रियाशीलता घटली आणि आत्मकथनाशी निगडित अशा मध्यवर्ती भागाची वाढली. स्वप्ननिद्रेतील चित्राशी याचे काही साम्य असल्याचे त्या संशोधकांनीच नोंदवले आहे. वादक अर्थातच पूर्ण जागे होते. सहा हा आकडा लहान आहे, तेव्हा यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण ओवीप्रेमी यांनी जात्याविषयी जे लिहिले, ते वाचताना मला हाच अभ्यास आठवत होता.

आणखी एक. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधील विद्यार्थ्यांवरचा प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डोळे मिटून, आपल्याच मेंदूलहरींचा आवाज ऐकत, झोप न लागू देता अल्फापेक्षा थीटा लहरी वाढवण्याचा सराव विद्यार्थ्यांना दिला गेला. हा सराव म्हणजे तंद्रीच्या काठावर थांबायला शिकणे. सरावाआधीचे आणि नंतरचे त्यांचे वादन परीक्षकांना कोणते आधीचे, कोणते नंतरचे हे न सांगता ऐकवले, तेव्हा संगीताची जाण आणि भावाभिव्यक्ती यांत सुधारणा दिसली.

---

खर्जसाधक (धागाकर्ता)

सर्वांचे प्रतिसाद वाचून माझ्या मांडणीत मला एक भर घालावीशी वाटते. नाकारण्याची सवय सुटणे हे निम्मे झाले. उरलेले निम्मे आहे ते धरून ठेवणे, आणि बहुतेक सारे तेथेच हरवते.

या बाबतीत बेटहोव्हेनचे एक पत्र मला फार मोलाचे वाटते. १० सप्टेंबर १८२१ रोजी त्याने टोबियास हास्लिंगर या प्रकाशक मित्राला ते लिहिले. आदल्या दिवशी बाडेनहून व्हिएन्नाला घोडागाडीने जाताना त्याला झोप लागली. स्वप्नात तो दूरदूरच्या देशांत, सीरियाला, अगदी हिंदुस्थानालाही जाऊन आला, अरबस्तानातून जेरुसलेमला पोहोचला, आणि तेथे त्याला मित्राच्या नावावर एक कॅनन, म्हणजे एकच चाल अनेक आवाजांनी एकामागून एक उचलायची रचना, सुचला. जाग येताच तो गेला. एक स्वरही आठवेना. दुसऱ्या दिवशी तो त्याच गाडीतून परत निघाला, या वेळी जागा होता, आणि कॅनन आपोआप पुन्हा मनात आला. आता त्याने तो घट्ट पकडला. ऐकण्याची शक्ती जवळजवळ गमावलेल्या माणसाची ही हकिगत आहे, त्यामुळे बाहेरच्या कानाचा येथे संबंध नाही. शिवाय ही हकिगत दुसऱ्याच दिवशी लिहिलेली आहे, म्हणून 'दुसरी पट्टी' यांचा आक्षेप तिला लागू होत नाही. पत्राचा सूर खेळकर आहे, पण त्यातले निरीक्षण पक्के आहे: विसरलेले स्वर त्या जागेशी, त्या बैठकीशी, चाकांच्या त्या हेलकाव्याशी बांधलेले होते, आणि ती परिस्थिती पुन्हा येताच तेही आले.

माझ्या गुरूंकडे पहाटेच्या खर्जाच्या रियाजाला बोलण्याची मनाई असे. उठायचे, तोंड धुवायचे, तंबोरा लावायचा आणि षड्ज धरायचा. तोवर कोणाशी एक शब्द नाही. तेव्हा मला ती निव्वळ शिस्त वाटे. आता वाटते की झोपेतून आणलेले काही असेलच, तर ते शब्दांनी उडून जाऊ नये याची ती काळजी असावी. मंद्रात स्थिर होताना ललत रागाचे दोन मध्यम, पंचमाचा आधार नसतानाही, ज्या सहजतेने येत ती सहजता दिवसा आणावी लागते. रात्रीच्या अखेरच्या प्रहराला हे राग का नेमले गेले याचा इतिहास वेगळा आहे आणि तो निद्रेच्या शास्त्राने सिद्ध होतो असे मी म्हणणार नाही; गाणाऱ्याचा अनुभव म्हणून एवढे नोंदवतो.

प्रत्यक्ष टिपून ठेवण्याविषयी: जाग येताच हलू नये, कूस बदलू नये. आधी चाल मनातल्या मनात एकदा पूर्ण फिरवून घ्यावी आणि मग तोंडाने, शब्दांशिवाय, हुंकारात ध्वनिमुद्रित करावी. सरगम लगेच लिहायला गेले तर ओळखीच्या रागाकडे ओढ लागते आणि जे विचित्र होते, म्हणजेच जे कामाचे होते, ते दुरुस्त होऊन जाते. ध्वनिमुद्रण दिवसा, हातात पेटी घेऊन ऐकावे. रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाच्या कीथ रिचर्ड्सच्या 'सॅटिस्फॅक्शन' गाण्यातील जगप्रसिद्ध गिटारवाक्याची कथा अशीच आहे: रात्री अर्धवट झोपेत त्याने ते कॅसेटवर वाजवून ठेवले, आणि सकाळी टेप लावल्यावर ते वाक्य व त्यामागून स्वतःचे लांबलचक घोरणे ऐकू आले, असे तो सांगतो. वाजवल्याचे त्याला आठवतही नव्हते.

---

कोमल निषाद

उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. एक शेवटची शंका: हे साधण्यासाठी मुद्दाम कमी झोपावे का? आमच्या वर्गातील काही जण तसे करतात.

---

अनुनाद

कृपया तसे करू नये. निद्रेचा पहिला टप्पा रोज रात्री आपोआप मिळतो आणि दुपारी खुर्चीत टेकून पडल्यासही मिळतो. अतिशय थकलेला माणूस तर त्या टप्प्यातून चटकन खाली, गाढ झोपेत उतरतो, त्यामुळे कमी झोपल्याने तो काठ उलट निसटतो. शिवाय शिकलेले पक्के होण्यासाठी गाढ झोप लागतेच. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शिकणाऱ्यांना दोन सुरावटी वाजवायला शिकवल्या आणि दुपारच्या गाढ झोपेत त्यांपैकी एकच हळू आवाजात ऐकवली. उठल्यावर तीच अधिक अचूक वाजवता आली. आपल्या वर्गमित्रांना हे अवश्य सांगावे.

करून पाहायचे असेल तर रियाजानंतर, ज्या बंदिशीवर किंवा चालीवर काम अडले आहे ती मनात असताना, दुपारी टेकून बसावे आणि हातात किल्ल्यांचा जुडगा धरावा. तो पडला की उठावे, काही उमटले असल्यास हुंकारून ठेवावे आणि पुन्हा रियाजाला बसावे. ज्यांना निद्रेचा विकार आहे, ज्यांना झोप लागताना किंवा जागे होताना भीतिदायक भास होतात, त्यांनी मात्र हे करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.